पोरं पळताहेत, त्यांच्या पायात काय आहे ते पाहा



पहाटे साडेपाचला कुठल्याही गावच्या रस्त्याला लागा. दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीकडे निघालेल्या माणसांबरोबर आता आणखी एक रांग दिसते. ती पळणाऱ्या मुलामुलींची. कुणी पोलीस भरतीसाठी पळतो, कुणी सैन्यभरतीसाठी, तर कुणी तालुक्याच्या शर्यतीतले रोख बक्षीस डोळ्यापुढे ठेवून. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर. परीक्षा एवढीच असली तरी तयारी मोठी असते. रोज सहा किलोमीटर धरले आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर हिशेब १८०० किलोमीटरवर जातो. एवढे अंतर आपण बैलगाडीने जाणार असतो, तर धावा आणि वंगण दहा वेळा पाहिले असते. पोराच्या पायाकडे मात्र कुणी पाहत नाही.

गेल्या हंगामात कपाशीच्या प्लॉटवर गेलो होतो. बोंडअळीचे सापळे पाहून झाले. निघताना मालक म्हणाले, "साहेब, अळीचं राहू द्या. पोरगी भरतीसाठी पळतीया. तिला बूट कोणते घेऊ तेवढं सांगा." पोरगी थोरल्या भावाचे बूट घालून पळत होती, पुढे चिंध्या कोंबून. आता कृषी पदवीला आम्हाला बुटाचा धडा नव्हता. परंतु हा धडा मी घरातच, पुतण्याच्या पायावर शिकलेलो आहे, आणि तो महागात पडला आहे.

पुतण्या भरतीची तयारी करीत होता. मी बाजाराला गेलो तेव्हा नामांकित कंपनीचे चिन्ह असलेले बूट निम्म्या किमतीत दिसले. आठ नंबरचे घेतले आणि घरी नेऊन दिले. पोरगा सोबत नव्हता, पाय मोजला नव्हता. काकांनी आणले म्हणून तो काही बोलला नाही. महिन्याभरात तळ उकलला, म्हणजे माल बनावट होता. त्याहून वाईट म्हणजे बूट पुढून आखूड होता. दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली आणि मैदानी चाचणीच्या दहा दिवस आधी एक नख निघून आले. चिंधी बांधून तो पळाला आणि थोड्या गुणांनी राहिला. नखामुळेच राहिला असे मी म्हणत नाही. पण त्याच्या जागी मी असतो तर मनात तेच आले असते.

अनवाणी पळणाऱ्यांचे काय?

हे लिहिताना वडीलधाऱ्यांचा प्रश्न मला ऐकू येतो. "आम्ही काय बूट घालून वाढलो का? बारामतीच्या लताबाई करे नऊवारीत, अनवाणी पळून शर्यत जिंकल्या की!" खरे आहे. त्या माउलीच्या आयुष्यावर २०२० साली चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. पण त्यांचे तळवे उभ्या आयुष्यात रानात टणक झालेले होते. आपली शाळेत, कॉलेजात चपला-बूट घालून वाढलेली पोरे एका महिन्यात अनवाणी डांबरावर पळू लागली, तर पोटऱ्या आणि पायाची हाडे तक्रार करणारच.

इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, अनवाणी पळाला आणि पहिला आला. आपण एवढीच गोष्ट सांगतो. तो अनवाणी पळाला कारण मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसेनात, आणि अनवाणी पळण्याची त्याला आधीपासून सवय होती. चार वर्षांनी, १९६४ साली टोकियोला, तोच बिकिला बूट घालून पळाला आणि पुन्हा पहिला आला, तोही आधीपेक्षा तीन मिनिटे लवकर. त्याने बूट नाकारले नव्हते, न बसणारे बूट नाकारले होते. मला या गोष्टीतले एवढेच उचलायचे आहे.

बूट कसा पारखावा

पैसे कमी असतील तर सगळे बुटावर घाला. बाकीच्या वस्तू घरातल्या घरात भागतात, बूट भागत नाही. आजमितीस साधा पण खरा, पळण्यासाठीच बनवलेला बूट दोन ते चार हजारांत मिळतो. अर्ध्या-पाऊण क्विंटल सोयाबीनचे पैसे झाले, लहान रक्कम नाही. म्हणूनच पारखून घ्यायचे.

आधी घरी पाय मोजा. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडा सुजलेला असतो आणि पळतानाही तो तसाच सुजतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहायचे आणि दुसऱ्याने पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ ओढायची. दोन्ही पायांची ओढा, कारण पुष्कळांचा एक पाय मोठा असतो आणि माप मोठ्याचे धरायचे. हा कागद दुकानात घेऊन जा. बूट कागदावर ठेवला आणि पेन्सिलीची रेघ बाजूने बाहेर डोकावली, तर तो बूट अरुंद आहे, मग नंबर काही का असेना. रानात वावरलेल्या पायाची बोटे पसरट असतात आणि शहरी घाटाच्या बुटात ती आवळतात. अशा पायाला नंबर वाढवून उपयोग नाही, कारण बूट लांब होतो आणि टाच सुटते. पुढून रुंद घाटाचाच बूट मागून घ्या.

मग ज्याचा बूट त्याला उभे करा. पळताना जे मोजे घालणार तेच घालून. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चपलेच्या नंबरापेक्षा अर्धा किंवा एक नंबर मोठा निघाला तर बिचकू नका. टाच वर उचलून पाहा, ती बुटातून निसटता कामा नये. टाचेमागचा भाग बोटाने दाबला तर कडक लागला पाहिजे. बूट हातात घेऊन वाकवा: तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मध्येच दुमडला तर परत ठेवा. शेवटी दुकानाबाहेर दहा-वीस पावले पळून दाखवायला सांगा. दुकानदार कुरकुर करील. करू द्या. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल, लॉट नंबर, मुदत पाहतो आणि पक्के बिल मागतो, तसेच इथेही बिल मागा. बिल द्यायला कां-कूं करणारा दुकानदार आणि निम्म्या किमतीतले मोठे नाव, हे दोन्ही एकत्र दिसले की काढता पाय घ्या.

शाळेचे कॅनव्हासचे बूट कवायतीला ठीक, रोजच्या पाच-सात किलोमीटरला त्यांत दमच नाही. खिळ्यांचे, ज्याला मुले स्पाइक म्हणतात, ते मैदानावरच्या वेगाच्या सरावासाठी. डांबरी रस्त्यावर ते घालून पोटऱ्यांचे हाल करून घेऊ नयेत. पंधरा-वीस हजारांचे, तळात कार्बनची पट्टी असलेले बूट मोबाईलवर पाहून मुले हट्ट धरतात. ते निष्णात धावपटूंच्या शर्यतीच्या दिवसासाठी असतात आणि त्यांचे आयुष्यही कमी असते. आपल्या घरात त्याचे काम नाही.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर झाले की बुटाच्या तळातला फोम बसतो. वरून बूट नवा दिसतो, पण आत गादी मेलेली असते. म्हणून खरेदीची तारीख बुटाच्या जिभेखाली शाईने लिहून ठेवावी. नडगीचे किंवा गुडघ्याचे दुखणे अचानक सुरू झाले तर आधी ती तारीख पाहावी. रोज सहा किलोमीटर पळणाऱ्याला वर्षात दोन-तीन जोड लागतात हे आधीच धरून चाला, म्हणजे ऐन भरतीच्या तोंडावर पैशाची ओढाताण होणार नाही. आणि नवा जोड भरतीच्या दिवशी प्रथमच घालू नये. दोन-तीन आठवडे आधी घेऊन, रोज थोडा थोडा घालून तो पायाच्या वळणावर आणावा.

मोज्यांचे म्हणाल तर निव्वळ सुती मोजा घामाने भिजतो, भिजलेलाच राहतो आणि फोड आणतो. नायलॉन किंवा पॉलिस्टर मिसळलेला, टाचेला चांगला घट्ट बसणारा मोजा घ्यावा. दोन जोड पुरे. मांड्या घासतात, काखेत सोलवटते, त्याला व्हॅसलीन लावावे, नाहीतर घरचे खोबरेल. थंडीत ते थिजते, तर रात्री बाटली चुलीजवळ ठेवा.

हा मजकूर आईने वाचावा

माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच मुली सुरुवातीला मुलांच्या बरोबरीने पळतात आणि वर्षभरात गळतात. "तिचं मन लागत नाही" असे घरचे म्हणतात. माझ्या पत्नीने एकदा अशा दोघीतिघींशी बोलून मला खरे कारण सांगितले. अंगाला नीट आधार देणारे आतले कपडे नव्हते. पळताना दुखते, लाज वाटते, रस्त्याकडेला बसलेले बघतात, आणि बोलायचे कुणाजवळ? बाप बूट आणतो, हे कोण आणणार?

पळण्यासाठीची वेगळी ब्रा मिळते, तिला दुकानात स्पोर्ट्स ब्राच म्हणतात. खांद्याच्या पट्ट्या रुंद असाव्यात, आत तार नसावी. खालचा पट्टा अंगाला घट्ट असावा, पण त्याखाली दोन बोटे जावीत आणि पूर्ण श्वास घेता यावा. घालून जागच्या जागी दहा उड्या मारून पाहाव्यात, त्यात काय ते कळते. दोन घ्याव्यात, म्हणजे एक वाळत राहील. बुटानंतर पैसे घालायचे ते इथे, आणि मुलीच्या बाबतीत मी तर म्हणेन बुटाच्या बरोबरीने. मासिक पाळीत पळू नये असे काही नाही. त्रास नसेल तर पळावे, पण पॅड आणि सोबत गडद रंगाची ट्रॅक पॅन्ट हवी. गळ्याभोवती ओढणी गुंडाळून पळू नये. आणि पहाटे एकटीने नाही, चौघींनी मिळून जावे.

माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पळाली. तो दुष्काळी तालुका आपण सर्व जाणतो. तशी पोर तुमच्या घरातही असेल, कोण सांगावे.

अंधारातला रस्ता

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. आपली मुले पळतात ती पहाटेच्या अंधारात किंवा दिवेलागणीला, आणि नेमक्या त्याच वेळी कारखान्याची वाहने रस्त्यावर असतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मागचा दिवा असला तर नशीब. अंधारात काळा टी-शर्ट घातलेला पोरगा चालकाला दिसतच नाही. पिवळाधमक बनियन दिवसा उठून दिसतो, पण अंधारात त्याचा काही उपयोग नाही. अंधारात उपयोगी पडते ती दिव्याचा उजेड परत फेकणारी पट्टी. ट्रॉलीला मागे जशी चकाकणारी पट्टी चिकटवतात, तशी कापडावर शिवायची मिळते. ती छातीवर लावाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे घोट्याला आणि मनगटाला बांधा. स्थिर चकाकी चालकाला मैलाचा दगड वाटते. वर-खाली हलणारी चकाकी दिसली की हे माणसाचे पाय आहेत हे त्याला लांबूनच उमगते.

दिवा विकत घेण्याची गरज बहुतेक घरांत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाताना आपण जी बॅटरी डोक्याला बांधतो, तीच पहाटे पोराला द्या. फक्त चार्जिंग कुणी करायचे हे रात्रीच ठरवा, नाहीतर दोघांचीही अडचण. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून पळणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने पळावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. ट्रॉली दिसली की साईडपट्टीवर उतरून थांबावे, दहा सेकंदांनी काही बिघडत नाही. आणि कानात गाण्यांच्या गोळ्या घालून रस्त्यावर पळू नये. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

घड्याळ, पाणी आणि नको त्या वस्तू

उपग्रहावरून अंतर सांगणारे घड्याळ चांगले असते, पण तुमचे रान तेच काम फुकट करील. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट. अशा ४० बाजू मोजल्या की ४०२ मीटर होतात, म्हणजे मैदानाची एक फेरी झाली. १६०० मीटरला १५९ बाजू. चौरस एकराच्या कडेने चार फेऱ्या मारल्या तर एक किलोमीटर आणि वर थोडे. टेप लावून मुरमाड वाटेवर खुणा करा, चुना टाका, आणि शंभर-दोनशे रुपयांचे स्टॉपवॉचचे घड्याळ घ्या. बांधावरून मात्र पळू नका, घोटा मुरगळतो. पावसाळ्यात काळ्या रानात कुठलाच बूट चालत नाही. चिखल धरला की एकेक पाय शेर-दोन शेर जड होतो.

तासाभराच्या आतल्या पळण्याला पाण्याची बाटली बरोबर वागवायची गरज नसते. घरून निघताना पेलाभर प्यावे आणि आल्यावर प्यावे. लांबचे पळणे असेल, ऊन असेल, तर वाटेत एका जागी बाटली ठेवून तहान लागेल तसे प्यावे. तहान नसताना ढोसणेही बरे नव्हे. २००२ सालच्या अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा शेकडा १३ जणांच्या रक्तात मीठ धोक्याच्या खाली गेलेले आढळले, आणि पळताना अति पाणी पिणे हे त्याचे मोठे कारण होते. फार घाम गेला असेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मिठाला हात सैल सोडू नका.

बाटलीबद्दल एक सांगितल्यावाचून राहवत नाही. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन, दिसायला मजबूत म्हणून पाण्याला वापरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. सात वेळा धुतली तरी नाही. ती ठेचून, भोके पाडून टाकून द्यायची असते. पोराच्या हातात नव्हे.

आता दुकानात काय सोडून यायचे ते. घाम काढणारा रेक्झिनचा सूट: त्याने चरबी जात नाही, पाणी जाते, आणि उन्हात अंगातली उष्णता कोंडून माणूस कोसळतो. पायाला बांधायची वजने: सांध्यांची माती. गुडघ्याची टोपी, म्हणजे नी-कॅप, ही दुखणे दिसू नये म्हणून घालायची वस्तू नव्हे. नडगीच्या हाडावर एका बोटाच्या जागी दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तेव्हा पळणे थांबवून डॉक्टर गाठावा. पळण्याआधी घ्यायची दुखणे मारणारी गोळी घामाने आटलेल्या शरीरात मूत्रपिंडाला बाधते. ताकदीचे म्हणून टोचून घ्यायचे इंजेक्शन कुणी सुचवले, तर त्या माणसाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

कपाशीच्या प्लॉटवरची ती मुलगी आता स्वतःच्या मापाच्या बुटात पळते. निळा जोड आहे, रुंद घाटाचा. वडील बिल जपून ठेवतात. मागच्या खेपेला गेलो तर बूट धुऊन कडक उन्हात पत्र्यावर टाकलेले दिसले आणि मी तिथेच अडवले. उन्हाने डिंक सुटतो आणि फोम कडक होतो. साध्या पाण्याने, हलक्या हाताने धुवावेत, आत जुने वर्तमानपत्र चुरगळून भरावे आणि सावलीत वाळवावेत. रात्री गोठ्याच्या दाराशी किंवा चुलीपाशी ठेवू नयेत. खुंटीला टांगावेत. आणि पहाटे अंधारात पाय घालण्याआधी उलटे करून दोनदा झटकावेत, कारण विंचवालाही उबदार जागा आवडते.